खुणेपर्यंत पाणी

३ जानेवारी

ठरलं. आता कुठेही जायचं नाही.

सकाळी ताईचा फोन. बाबांना म्हणाली, उन्हाळ्याच्या आत माझ्याकडे या, तिकडे एकटे राहू नका. बाबा म्हणाले, एकटा कुठे, हा आहे ना. त्यावर ताई जी हसली ती मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली. मग फोन माझ्याकडे. विचारते, बॅग उघडलीस का रे अजून? म्हटलं, उघडली. (चेन उघडली आहे. कपडे काढायचे राहिलेत, कारण ठेवायला कपाट नाही.)

तिचं म्हणणं, मी या घरात पाहुणा आहे आणि पाहुण्याच्या भरवशावर ती बाबांना ठेवणार नाही. शेवटी असं ठरलं की मी मे महिन्यापर्यंत टिकून दाखवायचं. टिकलो तर बाबा इथेच राहतील. नाही तर ती आणि भावोजी गाडी घेऊन येणार. बाबांना कुणी विचारलं नाही. पण दुपारी माझ्या खोलीतला उडालेला बल्ब त्यांनी स्वतः बदलला. यातून काय समजायचं ते मी समजलो.

४ जानेवारी

प्लॅन तयार. भिंतीत समुद्र.

म्हणजे रीफ टँक. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, आत दगड, कोरल, मासे. लोक स्टँडवर ठेवतात. स्टँडवरची टाकी उद्या विकून मोकळं होता येतं. मी भिंत फोडून बसवणार. हॉल आणि बाबांची खोली यांच्या मधली भिंत, म्हणजे इकडून हॉलमध्ये दिसेल आणि तिकडून बाबांना पलंगावर पडल्या पडल्या. ज्याच्या भिंतीत समुद्र आहे तो माणूस बॅग उचलून चालू पडू शकत नाही. रोज खायला घाला, रोज पाणी बघा. ताईचं तोंड एका झटक्यात बंद.

अनुभव आहेच. दोन सीझन डायव्हिंगच्या बोटीवर होतो. म्हणजे सिलिंडर भरायचो आणि कांदे चिरायचो, पण तीन-चारदा खालीही जाऊन आलोय. खाली काय असतं ते या घरात फक्त मला माहीत आहे. आई फोनवर नेहमी विचारायची, खाली काय काय असतं रे? मी म्हणायचो, आल्यावर सांगतो, ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

ती गेली तेव्हा मी बोटीवर होतो. बोट मध्येच वळवता येत नाही, आणि मी स्वयंपाकघरात होतो, सुकाणूवर नव्हतो. हे एकदा लिहून टाकलं, म्हणजे परत लिहायला नको.

५ जानेवारी

बाबांना प्लॅन सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि भिंतीकडे बघितलं. म्हणाले, इथे तुझ्या आईचं कपाट आहे. म्हटलं, सरकवू. म्हणाले, कुठे? म्हटलं, माझ्या खोलीत. म्हणाले, त्यात तिचे कपडे आहेत, मग तुझे कुठे ठेवशील? म्हटलं, माझे काय, बॅगेत राहतील की.

मग जीभ चावली. बाबांच्या लक्षात आलं नसावं.

११ जानेवारी

ॲक्वेरियमच्या दुकानात गेलो. दुकानदार तोंडात सुपारी ठेवून बोलतो, त्यामुळे सगळं दोनदा विचारावं लागतं. म्हणाला, खाऱ्या पाण्याचं काम सबुरीचं आहे, टाकी भरली की महिनाभर नुसतं बघत बसायचं, पाणी आधी मुरलं पाहिजे, मग मासा. विचारलं, तुमच्याकडे सबुरी आहे का? म्हटलं, माझं आयुष्यच सबुरीवर चाललंय. तो माझ्या बुटांच्या न बांधलेल्या नाड्यांकडे बघत राहिला. का, कळलं नाही.

येताना वाटेत एक माणूस जुनं अकॉर्डियन विकत होता. संध्याकाळी टाकीसमोर बसून वाजवायला बरं पडेल. पंपाचे पैसे तात्पुरते तिकडे वळवले.

संकल्प: रोज सकाळी अर्धा तास वाचन (रीफवरचं), अर्धा तास अकॉर्डियन.

१८ जानेवारी

वाचन सुरू झालं नाही. अकॉर्डियनची एक पट्टी चिकटते.

गवंडी आला. कपाट सरकवलं. मागे भिंतीवर बरोबर कपाटाच्या आकाराचा हिरवट रंग निघाला. बाकी घर पांढरं. बाबा म्हणाले, हा तिने निवडला होता, वर्षभरात कंटाळली आणि सगळं पांढरं करून घेतलं, पण कपाट हलवायला कोण लागणार म्हणून मागचा तसाच राहिला. गवंडी म्हणाला, भोक तर नेमकं यातच येतंय. बाबा म्हणाले, येऊ दे.

गवंड्याने भिंत ठोकून बघितली. अर्ध्या विटेची आहे, वरचं ओझं नाही, तरी भोकावर आडवा लिंटल, म्हणजे काँक्रीटची पट्टी, घालावा लागेल. विचारलं, भोक किती उंचीवर? मी बाबांच्या पलंगावर आडवा झालो, मान वळवली आणि डोळ्यांसमोर हात धरला. म्हटलं, एवढ्यावर. गवंडी म्हणाला, माप असं घेतलेलं मी पहिल्यांदा बघतोय. म्हटलं, आपलं काम वेगळं आहे.

१९ जानेवारी

भोक पडलं. घरभर विटांची धूळ. चहातसुद्धा.

गवंडी जेवायला गेला तेव्हा बाबा हॉलमध्ये बसले होते आणि मी त्यांच्या खोलीत झाडत होतो. भोकातून एकमेकांना दिसत होतो. त्यांनी चहा मागितला. मी कप भोकातूनच दिला. घोट घेतला आणि म्हणाले, हे असंच ठेवलं तरी चालेल.

मी त्यांना रीफचे फायदे नीट समजावून सांगितले.

४ फेब्रुवारी

मध्ये लिहायला वेळ मिळाला नाही. टाकीखाली लोखंडी सांगाडा लागतो. तो वेल्डरकडे करायला टाकला. वेल्डर दिलदार माणूस, म्हणाला, बसा, बघा. बघता बघता मीच शिकायला लागलो. हात चांगला आहे म्हणतो. एक स्टूल केलं, तिपाई. डुगडुगते, पण तिपाई डुगडुगूच शकत नाही असं वेल्डर म्हणाला, म्हणजे यात काहीतरी नवीनच साधलंय. सांगाडा पुढच्या आठवड्यात.

बाबा भोकावर चादर लावून झोपतात. थोडा खोकला आहे. धुळीचा नाही, हवा बदलते आहे. ताईला फोनवर म्हणाले, कामं चालू आहेत. तिने विचारलं, किती राहिलं? बाबा म्हणाले, होत आलं. मला हा माणूस आवडतो.

१५ फेब्रुवारी

ऐतिहासिक दिवस. टाकी बसली. चौघांनी उचलली. वेल्डर, गवंडी, शेजारचे रिटायर्ड मास्तर आणि मी. मास्तरांनी प्रत्यक्ष हात लावला नाही, पण डावीकडे, उजवीकडे असं सांगत होते.

एक बारीकशी गोष्ट. टाकीचं वरचं तोंड आणि लिंटल यांच्या मध्ये हात घालायला फट लागते. मी ठेवली होती. पण काच तडकू नये म्हणून टाकीखाली रबराची गादी घातली, तेवढी टाकी वर आली. आता फट आहे, पण माझा हात मनगटापर्यंतच जातो. बोटीवर दोर ओढून माझे हात भरलेत, त्याला मी काय करू. गवंडी म्हणाला, टाकी काढा, लिंटल वर घ्यावा लागेल, पुन्हा पहिल्यापासून. मास्तर म्हणाले, मला वाटलंच होतं.

बाबा इतका वेळ दारात उभे होते. आले, शर्टाची बाही वर केली आणि हात फटीतून आत घातला. गेला. कोपर गेलं, पार खांद्यापर्यंत गेला. तळाला बोटं टेकवून दाखवली.

बाबांचा हात एवढा बारीक कधी झाला?

असो. प्रश्न सुटला. आतली कामं बाबांकडे, एकंदर देखरेख माझ्याकडे.

२४ फेब्रुवारी

पाणी भरलं. दुकानदाराकडून मिठाचं पोतं आणलं, पाण्यात कालवलं, खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी छोटी नळी असते तिच्यात थेंब टाकून बघितलं. रेघ जिथे यायला हवी तिथे चौथ्या खेपेला आली. जिवंत दगड म्हणून मिळतात, भोकाभोकांत बारीक जीव असलेले, ते बाबांनी आत रचले. मी बाहेरून सांगत होतो, ते स्वतःला हवे तसे ठेवत होते.

काचेवर काळ्या पेनाने पाण्याची खूण केली. पाणी रोज थोडं थोडं उडून जातं, मीठ मात्र उडत नाही, ते आतच राहतं. म्हणून पाणी खुणेखाली गेलं की नुसतं साधं पाणी घालायचं. मिठाचं नाही. दुकानदाराने हे दोनदा सांगितलं. मला एकदाच पुरे होतं.

अडचण अशी की न्हाणीतला प्लास्टिकचा मग फटीतून जात नाही, आणि रबरी नळी लावली तर बाबांच्या उशीवर पाणी. बाबा आतून एक पेला घेऊन आले. झाकणाचा, पुढे चोच असलेला. आजारी माणसाला पडल्या पडल्या पाणी पाजतात तसला. चोच फटीत बरोबर बसते. म्हटलं, हा कुठून आणलात? म्हणाले, घरातच होता.

पुढे विचारणार होतो, पण पंप घरघरायला लागला.

रोजचं पाणी मी माझ्याकडेच ठेवलंय. काहीतरी आपल्याकडे पाहिजे. साध्या पाण्याची निळी बादली, मिठाच्या पाण्याची पांढरी. डोक्यात पक्कं.

८ मार्च

पाणी मुरतंय. टाकीत दगड आहेत आणि पाणी आहे. दुसरं काही नाही. मी रोज बघतो. काही होत नाही.

दुकानात जाऊन मासा मागितला. नाही म्हणाला. म्हटलं, एक छोटा? म्हणाला, छोट्याला काय कमी जीव असतो? या माणसाला धंदा करता येत नाही.

बाबांना मात्र कंटाळा नाही. खुर्ची ओढून बसतात. आज हाक मारली, धावत ये. गेलो. दगडाच्या एका भोकातून केसाएवढा किडा अर्धा बाहेर आला होता. बाबा कुजबुजत म्हणाले, हा आपण आणलेला नाही, हा आपणहून आलाय.

मी वेळ वाया जाऊ नये म्हणून फरशी बसवायचं काम शिकायचं ठरवलंय.

२१ मार्च

आले. एक नारिंगी मासा, एक तांबड्या पाठीचा कोळंबीच्या जातीचा प्राणी आणि कोरलचा एक तुकडा, पंज्यासारखा, जांभळा. दुकानदाराने पिशवी बाबांच्या हातात दिली, माझ्या नाही.

मासा दगडामागे जाऊन बसला. दिवसभर तोंड दाखवलं नाही, संध्याकाळी खाणं टाकल्याबरोबर हजर. बाबा म्हणाले, आमच्या ऑफिसात एक साहेब अगदी असेच होते. म्हणून त्याचं नाव साहेब.

३० मार्च

ताई आली. न सांगता. मी सांगतो, तपासणीच होती.

घरात शिरली तेव्हा बाबा खांद्यापर्यंत टाकीत होते. काच पुसत होते. तो तांबड्या पाठीचा प्राणी त्यांच्या बोटावर चढून नखं साफ करत होता. ती जातच तशी असते, मोठ्या माशांचा मळ काढून खाते. बाबांनी त्याला न्हावी नाव ठेवलंय. ताईला म्हणाले, बघ, हजामत चालू आहे, मध्ये बोलू नकोस. आणि हसले. अगदी खोकला येईपर्यंत हसले.

ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी गेलो तर पाठमोरीच म्हणाली, आई गेल्यापासून मी यांना हसताना बघितलं नव्हतं. मग डोळे पुसले आणि विचारलं, बॅग? म्हटलं, ठेवून दिली. (पलंगाखाली सरकवली होती.) जाताना माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाली, लग्न कर आता, मुलगी मिळणार नाही, पण कर.

म्हणजे जिंकलो. मे महिना नुसता नावाला.

६ एप्रिल

गेले काही दिवस पायाला मुंग्या येतात. बसून बसून होत असेल. व्यायाम सुरू करायला हवा.

बाबा रोज संध्याकाळी मला खाली काय असतं ते विचारतात. सांगतो. दोनदा तेच सांगून झालं. तीन-चारदाच गेलो होतो, पुरणार किती.

७ एप्रिल

कप्तानचा फोन. बोटीवरचा दोस्त. कप्तान वगैरे कधी नव्हता, टोपी तशी घालायचा. किनाऱ्यावर त्याने जुनी बोट घेतलीय, ती पाण्यात सोडायची आहे, माणसं कमी पडतात, दोन दिवस ये. मी सरळ नाही म्हणालो. मग तो म्हणाला, इथे जवळच एकजण कोरल वाढवून विकतो.

म्हणजे आता हे टाकीचंच काम झालं. एकटं जांभळं कोरल बरं दिसत नाही, हे बाबाच म्हणाले होते. (म्हणाले नव्हते, पण बघताना तसं वाटत होतं.)

बाबांना विचारलं. म्हणाले, जा की. जरा वेळाने म्हणाले, परत कधी? म्हटलं, परवा. ताईला कळवायची गरज नाही यावर दोघांचं एकमत झालं.

८ एप्रिल, सकाळ

घाईत लिहितोय. गाडी खाली येतेय. बाबांना सगळं समजावलं. खाणं चिमूटभर, दिवे एवढ्याला लावा, एवढ्याला बंद, पाणी खुणेखाली गेलं की बादलीतलं पाणी पेल्याने घाला. पांढरी बादली भरलेली आहे, टाकीतलं थोडं पाणी बदलायचं होतं म्हणून गेल्या आठवड्यात मीठ कालवून ठेवलं होतं, ते राहिलंच. निळी रिकामी आहे. भरून ठेवणारच होतो, तेवढ्यात हॉर्न. बाबांना काय, कळेलच.

बॅग तयार होतीच, त्यामुळे वेळ वाचला.

११ एप्रिल

बोट अजून पाण्यात नाही. तळ खरवडायचा राहिलाय, मग रंग. अर्धवट टाकून निघणं माझ्या स्वभावात नाही.

इथली हवा. काय सांगू. मुंग्या गेल्या.

कोरलवाल्याकडे उद्या.

१४ एप्रिल

बाबांचा फोन. म्हणाले, इकडे उन्हाळा फार आहे, पाणी भराभर खाली जातं, सकाळ-संध्याकाळ घालावं लागतं. बादली संपली होती, नवीन तयार केली. आणखी काही सांगत होते, पण माझ्या इथे पॉलिशचं मशीन चालू होतं. ओरडून म्हटलं, शाब्बास बाबा. बाबा आता एकदम तयार झालेत. त्यांना जबाबदारी दिली हे किती चांगलं झालं.

कोरलवाला गावाला गेलाय.

१७ एप्रिल

बोट सुटली. जरा डावीकडे कलते. कप्तान म्हणतो, माणसं बसली की सरळ होईल. माणसं बसली, आणखी कलली.

बाबा म्हणाले, साहेब जेवायला बाहेर येत नाहीत. म्हटलं, मी नाही म्हणून रुसला असेल. ते म्हणाले, तसं असेल तर बरं. मग विचारलं, तू कधी? म्हटलं, निघालोच.

कप्तान म्हणतो, पुढचा सीझन इथेच कर. विचार करायला काय जातं.

१९ एप्रिल, संध्याकाळ

घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

बाबा टाकीपाशी खुर्ची ओढून बसले होते. एक हात काचेवर. आई आजारी होती तेव्हा ते तिच्यापाशी असेच बसून असायचे, ताईने सांगितलंय. मी ते बघितलं नव्हतं.

पाणी बरोबर खुणेपर्यंत. केसभर वर नाही, खाली नाही. फटीच्या कडेला मिठाचा पांढरा थर. जांभळं कोरल हाडासारखं पांढरं पडलेलं. न्हावी दगडाच्या बुडाशी उताणा. साहेब तळाला, एका कुशीवर. कल्ले हलत होते.

बाबा म्हणाले, मी रोज घातलं रे पाणी, एकदाही खूण सोडली नाही.

विचारलं, कुठलं?

म्हणाले, पांढऱ्या बादलीतलं. ते संपलं मग पोत्यावर लिहिलंय त्या मापाने मीठ कालवून. समुद्रातले जीव, त्यांना काय आपलं नळाचं पाणी द्यायचं?

मोजायच्या नळीत थेंब टाकून बघितलं. रेघ नेहमीच्या जागी दिसेना. ती कितीतरी वर गेली होती.

निळी बादली न्हाणीघरात होती. उपडी, कोरडी. पळत जाऊन भरली, साधं पाणी घालत राहिलो, चोचीच्या पेल्याने, दुसरं काही फटीतून जातच नाही. बाबा विचारत नव्हते काय करतोस. पेला रिकामा झाला की हात पुढे करायचे आणि भरून द्यायचे.

दिवे लावायच्या वेळेला कल्ले थांबले.

२० एप्रिल

बाबांनीच साहेबांना बाहेर काढलं. माझा हात जात नाही.

मग बेसिनवर बराच वेळ हात धूत होते. म्हणाले, माझ्या हातात कुणी टिकत नाही बघ. तुझ्या आईलाही असंच, वेळेवर सगळं देत होतो.

मी म्हटलं, बाबा, मासा मुळातच आजारी होता, काल साधं पाणी घातलं ते त्याच्यावरचा उपचार म्हणून. दुकानदाराने आजारी माल गळ्यात मारला, त्याचीच लागण बाकीच्यांना. ते म्हणाले, खरं? म्हटलं, शंभर टक्के. मी आताच त्याच्याशी भांडून आलो. (गेलो नव्हतो.) बाबा म्हणाले, माणूस तसा वाटला नाही. पण चेहरा जरा बदलला. दुपारी जेवले.

हे खोटं म्हणता येणार नाही. सध्यापुरतं सांगितलंय. खरं काय ते सावकाश सांगणार आहे, म्हणजे कुठलं पाणी ते मी सांगितलं नव्हतं आणि निळी बादली भरून ठेवली नव्हती, एवढंच. एका वाक्याचं काम. उद्या चहाच्या वेळी.

२१ एप्रिल

चहाच्या वेळी शेजारचे मास्तर येऊन बसले.

२३ एप्रिल

आज सांगणारच होतो. पण बाबा स्वतःहून मास्तरांना सांगत होते, मासा आजारी निघाला, आमची चूक नव्हती. आमची म्हणाले. मग मध्ये कसं बोलणार.

अकॉर्डियनची पट्टी दुरुस्त करायला घेतली. आता तीन पट्ट्या चिकटतात.

२५ एप्रिल

ताईला कळलं. मास्तरांकडून. मी किती दिवस नव्हतो तेही.

फोनवर मला म्हणाली, फोन बाबांना दे, एवढंच. बाबा ऐकत होते, हो म्हणत होते. मध्ये एकदा म्हणाले, तो कामासाठीच गेला होता गं, टाकीच्याच. मग पुन्हा, हो.

२८ एप्रिल

गाडी आली.

बाबांची बॅग माझ्या बॅगेपेक्षा लहान. कपड्यांच्या घड्या अशा घातलेल्या की कडेला कड. निघताना माझ्या खोलीत गेले, आईचं कपाट उघडलं, आत थोडा वेळ नुसतं बघितलं, लावलं. भावोजींनी विचारलं, काही घ्यायचंय का त्यातलं? म्हणाले, नको, राहू दे इथेच, याला सोबत.

ताई मला रागावली नाही. रागावली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं. फ्रिजमध्ये काय काय ठेवलंय ते सांगितलं आणि माझी कॉलर सरळ केली.

मी गाडीच्या खिडकीपाशी वाकलो. म्हटलं, बाबा, ते पाण्याचं. पुढचं तोंडात तयार होतं. ते म्हणाले, हो, घालत जा, रिकामी ठेवू नकोस. भावोजींनी गाडी सुरू केली.

५ मे

गवंडी चौकशीला आला. म्हणाला, टाकी काढून भोक बुजवून देऊ का? म्हटलं, नको. म्हणाला, आत तर कुणी नाही. म्हटलं, पाणी मुरतंय.

तो खरंच मुरायला ठेवलंय असं समजला. म्हणाला, मग ठीक.

जुनं सगळं पाणी उपसून टाकलं. नवीन कालवलं. हॉलमध्ये बसलं की पाण्यातून पलीकडे बाबांचा पलंग दिसतो, गुंडाळलेली गादी, आणि भोकाभोवती उरलेली ती हिरवट पट्टी. बाबा पेला फटीतच ठेवून गेलेत.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. पाणी घातलंस का? म्हणतो, घातलं. त्यांना खोटं सांगायचं नाही म्हणून खरंच घालतो.

कप्तानचाही आला होता. बोट बुडाली. धक्क्यालाच बांधलेली असताना. म्हणाला, वर काढायला ये. म्हटलं, टाकी आहे.

१४ मे

आज बॅग उघडली. म्हणजे रिकामी केली. आईच्या कपाटात खालचा कप्पा मोकळा होता, त्यात माझे कपडे मावले. वरचे कप्पे हलवले नाहीत. बॅगेच्या तळाशी बोटीवरची वाळू निघाली, ती टाकीत टाकणार होतो, मग टाकली नाही. कुठली वाळू आहे ते माहीत असल्याशिवाय टाकायची नसते.

संध्याकाळी मोजलं. रेघ जिथे यायला हवी बरोबर तिथे. काल तिथेच होती, परवाही तिथेच. दुकानदाराला बाटलीतून नमुना नेऊन दाखवला. सुपारी बाजूला सारून म्हणाला, असं पाणी असेल तर आता मासा देतो. म्हटलं, बघू. कधी नव्हे ते माझ्या हातून काहीतरी इतके दिवस नीट चाललंय. ताईला कळवायला हवं. आजपासून मे महिन्यापर्यंतची अट पुन्हा धरली तर, म्हणजे पुढच्या मे महिन्यापर्यंत, हे तिच्याशी बोलायला हवं.

एवढ्यात बाबांचा फोन. पाणी घातलंस का?

म्हटलं, घातलं.

म्हणाले, कुठलं?

म्हटलं, साधं.

तोंडातून गेलं. त्या रेघेचा आनंद होता डोक्यात. पलीकडे ताईच्या घरात कुठेतरी भांडी वाजत होती, तीही थांबली. मी म्हणणार होतो, बाबा, तो दुकानदार, पण दुकानदाराचं पुढे काय सांगितलं होतं ते आठवेना.

मग बाबा म्हणाले, असं होय.

जेवून घे वेळेवर, म्हणाले. आणि फोन ठेवला.

पेला धुऊन फटीत ठेवला. पाणी खुणेपर्यंत आहे.